मंगल भूल द्यायला शिकते

मंगल साळवे मला पहिल्यांदा भेटली ती कतारमध्ये, दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात, आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये. तिसरा मजला येईपर्यंत ती माझ्या नवऱ्याच्या हाताकडे टक लावून बघत होती. दार उघडलं तशी म्हणाली, "काका, शिरा काय झकास आहेत हो तुमच्या! डोळे मिटून सुई जाईल." यांनी घाईघाईने हात खिशात घातला.

ती नर्स होती, अतिदक्षता विभागात. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. नवरा सुधाकर एसी दुरुस्तीच्या कामावर, मुलगी ग्रेस दहा वर्षांची. मी नाशिकला बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं हे कळल्यावर तिने मला 'बाई' करून टाकलं आणि त्याच आठवड्यात एक फाइल घेऊन दारात उभी राहिली.

"बाई, मला भूल द्यायचं शिक्षण घ्यायचंय. अमेरिकेत नर्सना शिकवतात. तीन वर्षं. अर्ज इंग्रजीत हाये."

"नर्स भूल देते?" यांनी आतून विचारलं.

"देते की काका. शिकली तर."

त्या फाइलीत काय नव्हतं! अमेरिकेतला नर्सिंगचा परवाना तिने आधीच मिळवलेला, अतिदक्षतेची वेगळी परीक्षा दिलेली, संख्याशास्त्राचा अभ्यास ऑनलाइन चालू. सुट्टीच्या दिवशी ती परवानगी काढून ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांच्या मागे नुसती उभी राहायची. तेव्हापासून तिची नजर शिरांवरून जबड्यांवर आली. गणपतीच्या आरतीला माझ्या एका मैत्रिणीकडे बघून मला हळूच म्हणाली, "हनुवटी बघा, कशी आत हाये. घशात नळी घालायला लई अवघड जाईल." त्यानंतर कितीतरी दिवस मला त्या मैत्रिणीशी सरळ चेहऱ्याने बोलता येईना.

अर्जासोबत एक निबंध हवा होता: तुम्हाला हेच का शिकायचंय? मी तो मोठ्या हौसेने लिहून दिला. लहानपणापासूनची तळमळ, मानवतेची सेवा, विज्ञानाचा ध्यास, सगळं घातलं. मंगलने दोनदा वाचला.

"बाई, इंग्रजी लई भारी. पण ही बाई कोण हाये? मी वळखत नाय हिला."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. तरी तोच निबंध तिने माझ्या मानापोटी पाठवला. पहिल्या कॉलेजचा नकार दोन ओळींत आला. दुसऱ्याचा तर एकाच ओळीत. मंगल मला शब्दानेही बोलली नाही. उलट खाली येऊन मला चहा करून दिला. "नाय म्हटलं म्हणजे दार बंद झालं असं नसतं, बाई. आपण भलतीच कडी वाजवली असंल."

मग मीच विचारलं, "मंगल, खरं सांग. हेच का?"

तिने सांगितलं ते असं. जालन्याकडचा एक वेल्डर तिच्या वॉर्डात होता. ऑपरेशनला नेताना तो थरथर कापत होता. हिंदी त्याला जेमतेम यायची, इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. थिएटरच्या दारात त्याने मंगलचा हात धरला आणि विचारलं, "ताई, मला झोपवणार कोण? ओळखीचं हाये का कुणी?" भूलतज्ज्ञ भला माणूस. त्याने मंगलला आत थांबू दिलं. वेल्डर झोपेपर्यंत ती त्याच्याशी मराठीत बोलत राहिली. बाजरी, बैल, त्याच्या लेकीची दहावी.

"त्याला झोप लागली आणि मला वाटलं, बाई, इथं उभं राहायचं तर नुसतं हात धरून कशाला? ती विद्याच आपल्याला आली पाहिजे."

"हे लिही," मी म्हटलं. "जसं बोललीस तसं. मी फक्त स्पेलिंग बघते."

तिसरा अर्ज तसाच गेला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. तिच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये बांधकाम चालू, म्हणून व्हिडिओवरची मुलाखत आमच्या जेवणाच्या टेबलावर, संध्याकाळी पाचला. आवाज नको म्हणून सुधाकरने आमचा एसीच बंद केला. जून महिना. आम्ही चौघं स्वयंपाकघरात घामाच्या धारा पुसत दाराला कान लावून.

पेशंटचा ऑक्सिजन अचानक उतरला तर आधी काय कराल, असं त्यांनी विचारलं. "आधी पेशंटकडे बघेन, मग यंत्राकडे," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं धडाधड सांगितलं. मग प्रश्न आला: तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. मंगल शांतपणे सांगू लागली. एकदा शिरेत औषध सोडणाऱ्या पंपावर औषधाचा वेग चुकीचा लावला होता. दोन मिनिटांत स्वतःच्याच लक्षात आलं. थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं, लेखी कळवलं. पेशंट सुखरूप राहिला.

"अगं, कशाला सांगितलंस ते?" मुलाखत संपताच मी बाहेर धावले.

"त्यांनी इचारलं म्हणून. आणि झाकलेली चूक दुसऱ्यांदा होतेच, बाई." मग ओढणीने मान पुसत म्हणाली, "यल्ला, चला, एसी लावा आता. मी घामानं मेले."

दहा-बारा दिवसांनी ड्युटी संपवून ती गणवेशातच आमच्या दारात आली. हातातला फोन तिने माझ्यापुढे धरला. मी फोन घेऊन प्रवेशाचं पत्र वाचलं आणि मीच ओरडले. आवाज ऐकून समोरचं केरळी कुटुंब बाहेर आलं. त्यांना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण रात्री आमच्याकडे जेवताना मंगलने हिशेब मांडला. सुधाकरची नोकरी, ग्रेसची शाळा इथे. तीन वर्षं पोरीला सोडून राहायचं? "नाय जमायचं," ती म्हणाली. "अर्ज करताना आपण एवढ्या लांबचं बघितलंच नव्हतं."

सुधाकर कमी बोलणारा. त्याने भाकरी मोडली आणि म्हणाला, "मी इथं पहिल्यांदा आलो तवा ग्रेस चार महिन्यांची होती. तीन वर्षं तू गावाकडं एकटीनं काढलीस. मी विचारलं होतं का, जमंल का म्हणून? आता माझी पाळी."

ग्रेसने ताटातून मान वर केली. "मम्मा, जस्ट गो. मी बाईंकडे होमवर्क करीन."

विमानतळावर तिघं एकमेकांना धरून किती तरी वेळ उभी होती. मी त्यांच्याकडे पाठ करून सामान सांभाळलं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. ग्रेस शाळेतून थेट आमच्याकडे येते, सुधाकर कामावरून येऊन तिला नेतो. परवा ग्रेस आणि सुधाकर दोघंही इथेच असताना मंगलचा फोन आला. आवाज नुसता नाचत होता.

"बाई, आज सरांनी हात मागं बांधले!"

"म्हणजे?"

"आतापर्यंत मी भूल देताना त्यांचे हात माझ्या हाताशेजारी तयार असायचे. कधी काय चुकंल म्हणून. आज पेशंट आत आल्यापासून जागा होईपर्यंत हात मागं बांधून उभे होते. एक शब्द बोलले नाहीत."

सुधाकर आणि ग्रेस माझ्या तोंडाकडे बघत होते. बावीस वर्षांत, आता याला माझ्या मदतीची गरज नाही म्हणून मी माझे हात मागे बांधले ते फार थोड्या मुलांसाठी. त्याचा अर्थ त्या दोघांना नीट सांगावा म्हणून मी तोंड उघडलं, पण मला बोलताच येईना. शेवटी ग्रेसनेच फोन माझ्या हातातून घेतला आणि आईला सांगितलं, "मम्मा, बाई रडतायत. पण हॅपी आहेत."