पंचाहत्तर ओहम

त्या झेरॉक्सचा मला आजही राग येतो.

मीरा रोडला स्टेशनजवळ, चपलांच्या दुकानाच्या वर, आमचा कॉम्प्युटर नेटवर्किंगचा क्लास होता. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. क्लासची एक रीत होती. कुणीही मुलाखत देऊन आला की घरी जायच्या आधी क्लासमध्ये यायचं आणि काय काय विचारलं ते उत्तरांसकट वहीत लिहायचं. सर त्या वहीच्या झेरॉक्स काढून पुढच्या बॅचला वाटायचे. नेटवर्कचे सात थर आम्ही झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणून दाखवले असते. समजले किती, हे विचारायची सोय नव्हती.

त्यात एक प्रश्न होता. तेव्हा ऑफिसातले कॉम्प्युटर एकाच काळ्या केबलवर ओळीने जोडलेले असायचे आणि केबलच्या दोन्ही टोकांना धातूची छोटी टोपी लावावी लागायची. तिला टर्मिनेटर म्हणत. तो किती ओहमचा? झेरॉक्समध्ये उत्तर होतं, पंचाहत्तर. साफ चूक. तो पन्नासचा असतो. पंचाहत्तर लागतात टीव्हीच्या केबलला. भाईंदरमध्ये घरोघरी केबल टीव्ही जोडत फिरणाऱ्या कुणीतरी ते ठोकून दिलं असणार. मी दोन वर्षं कंत्राटावर, शिडीवर चढून हीच काळी केबल ओढत होतो. मला कोण शिकवणार?

सरांना चूक दाखवली. ते म्हणाले, "अरे, जो लिखा है वो पाठ कर ना. समोरच्याकडे पण हेच असतं." मी हसण्यावारी नेलं.

त्या वर्षी बाबा रिटायर होणार होते. सरकारी ऑफिसात शिपाई होते. भाईंदर पूर्वेचं आमचं घर त्यांच्या पगारावर चालायचं आणि माझं कंत्राट कधीही बंद पडलं असतं. मला पक्की नोकरी हवी होती, बस. बाबांनी तर मुलाखतीचं पत्र आल्याबरोबर सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं की मुलगा इंजिनिअर म्हणून लागतोय.

मुलाखत अंधेरीला होती. साहेब समोरच्या कागदावर बोट ठेवून प्रश्न वाचत होते. मला तो कागद उलटा दिसत होता, तरी अक्षर ओळखलं. आमच्याच वहीची झेरॉक्स. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"टर्मिनेटर किती ओहमचा?"

"पन्नास."

त्यांनी कागदात पाहिलं. "पंचाहत्तर."

"नाही सर, पन्नासच. पंचाहत्तर टीव्हीच्या केबलला."

माझ्या बॅगेत कामावरचा एक टर्मिनेटर होता. तो काढून मी टेबलावर ठेवला. त्याच्यावर आकडा कोरलेला होता. साहेबांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"तुम्हाला सामान दाखवायला बोलावलेलं नाही," ते म्हणाले. "परत विचारतो. किती?"

तो टर्मिनेटर त्यांच्या कागदावर आपटावा असं वाटलं. मग बाबा आठवले.

"पंचाहत्तर," मी म्हणालो. वर "सॉरी सर" असंही म्हणालो. ते तर कुणी मागितलंही नव्हतं.

साहेबांनी बरोबरची खूण केली.

त्या दिवशी मी क्लासमध्ये गेलो नाही. वहीत काय लिहिणार होतो? पंधरा दिवसांनी नोकरीचं पत्र आलं. बाबांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. मी दाढ दुखतेय म्हणालो आणि पेढा खाल्ला नाही. सरांचा राग होता, साहेबांचा होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचाच होता, आणि तो काढणार कुणावर?

त्या नोकरीत मी पाच वर्षं काढली. जिथे गेलो तिथे पन्नासचेच टर्मिनेटर लावले. साहेब कधी बघायला आले नाहीत. मात्र ऑफिसात नवीन कुणी रुजू झालं की ते माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "याला मी का घेतला माहितेय? चूक दाखवली की लगेच मान्य करतो. अशी माणसं मिळत नाहीत हल्ली."

नवा माणूस माझ्याकडे आदराने बघायचा. आणि मी हसून मान डोलवायचो.