ज्यांचं पोर या शाळेत नाही

माझ्या कामाच्या पहिल्याच दिवशी तिनं माझ्यादेखत आपल्या पोराचं ताट नालीत पालथं केलं. पोरगं भुकेलं होतं, रडायला लागलं. दंडाला धरून तिनं त्याला फरफटत घरी नेलं.

शाळेतली खिचडी वाढायच्या आधी एका पालकानं चाखायची, असा नियम. आळीपाळीनं बाया येत. त्या दिवशी पाळी तिची होती, गावातल्या मोठ्या घरच्या सुनेची. मी वाटी पुढे केली.

"हे कोनं शिजवलं?"

"मी."

मी बौद्धपुऱ्यातली. तिला ठाऊक होतं. तरी विचारलं.

हेडमास्तर शेजारीच उभे होते. चष्मा पुसत राहिले. मला रडू नाही आलं, संताप आला. पण काम नवं होतं. मान खाली घालून मी नाली धुतली.

दुसऱ्या दिवसापासून तिचं पोर डबा आणू लागलं. मग तिच्या जावेचं. डबेवाल्यांची पंगत व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली. पाळीच्या बाया लांबूनच खिचडीच्या गंजात डोकावत आणि चांगलं आहे म्हणून निघून जात. पुढे डबेवाली पोरंही गेली. आंजी गावच्या कॉन्व्हेंट शाळेची गाडी फाट्यावर येऊ लागली होती. दहा वर्षांत शाळा माझ्या डोळ्यांसमोर आटली. मास्तर कमी झाले. एक वर्ग बंद पडला, त्यात मला सरपण ठेवायला सांगितलं. उरली आमच्या पुऱ्याची पोरं. माझी लेक त्यांतलीच, तिसरीत.

यंदा शाळाच बंद करायची भाषा सुरू झाली. शाळा समितीची सभा भरली. खुर्च्यांवर तीच मोठी घरं. पोरं काढून नेली, खुर्च्या काही सोडल्या नाहीत. मला चहा द्यायला बोलावलं होतं. त्या ताट पालथं करणारीचा नवरा समितीचा अध्यक्ष. फार गोड बोलला.

"हे पाय बाई, तू काम सोडून दे. तुह्या हातची खिचडी म्हून लोकं पोरं धाडून नाई राह्यले. शाळेसाठी येवढं कर."

म्हणजे शाळा मी बुडवली. माझ्या डोक्यात सणक गेली. चहाचा ट्रे तिथेच टेकवला.

"समिती पालकाइची हाय," मी म्हणाले. "ज्याचं पोरगं या शाळेत नाई, त्यानं खुर्ची सोडा."

कोणी हललं नाही. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर थांबा."

"माही पोरगी इथं शिकून राह्यली. मी काऊन बाहेर थांबू?"

मी पुऱ्यात गेले. घरी सापडल्या तेवढ्या आया घेऊन आले. आम्ही वर्गात भिंतीला लागून उभ्या राहिलो, सभा उठेपर्यंत. त्या दिवशी शाळा बंद करायचा ठराव झाला नाही.

पुन्हा सभा लावतील. लावू द्या. शाळेचं काय करायचं ते इथं शिकणाऱ्या पोरांचे आईबाप ठरवतील. आम्ही ती बंद होऊ देणार नाही. काम मी सोडणार नाही. मला काढायचं असेल तर कारण सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं सांगा. मी नीट ऐकून घेईन आणि तिथून सरळ अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जाईन.