काकांच्या नावाची पाणपोई

आमचे काका स्वतःच्याच स्मारकाचं पाणी हयातभर पोटभर प्यायले. असं भाग्य भल्याभल्यांच्या वाट्याला येत नाही.

काका पाणीपुरवठा खात्यात होते. नदीचं पाणी पंपाकडे जातं त्या तोंडाशी मोठी जाळी असते. तिच्यात अडकलेला पालापाचोळा ओढून काढायचा, हे त्यांचं काम. एका पुरात त्यांचा पाय घसरला आणि ते वाहून गेले. दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर टोपी सापडली, काका नाहीत. सगळ्यांनी आशा सोडली. काकू मात्र त्यांचा जेवणाचा डबा रोज घासून खिडकीत वाळत ठेवायची.

सोबत्यांच्या मनाला फार लागलं. त्यांच्याकडे पाइप, तोट्या, गवंडी, सगळं घरचंच. एरवी गळका नळ बदलायला या खात्याला मुहूर्त सापडत नाही, पण या वेळी बघता बघता बाजाराच्या कोपऱ्यावर दगडी पाणपोई उभी राहिली. वर काकांचं नाव, पुराची तारीख आणि 'कर्तव्य बजावताना मृत्यू'. भाजीवाल्यांची, हमालांची मोठी सोय झाली.

आणि काका परत आले. पलीकडच्या काठावर वीटभट्टीवाल्यांनी त्यांना बाहेर काढलं होतं. पाय मोडलेला, ताप हटेना, त्यात मधला पूल वाहून गेलेला, निरोप येणार कसा? पूल पुन्हा सुरू झाला तसे ते बाजारात गाडीतून उतरले, तहान लागली म्हणून पाणपोईशी थांबले. ओंजळीने पाणी प्यायले आणि तोंड पुसता पुसता वर पाहिलं. वाचून झाल्यावर आधी काय केलं, तर तोटी ठिबकत होती ती घट्ट आवळली. मग लंगडत घरी आले.

काकूने दार उघडलं. "जेवलात का?" एवढंच विचारलं आणि तिथेच खाली बसून रडली.

हा आनंद ओसरायच्या आत खात्याचं फर्मान आलं. जागा मृत कर्मचाऱ्याच्या स्मारकासाठी दिली होती. कर्मचारी जिवंत आहे, सबब बांधकाम पाडावे.

काकांनी अंथरूणच धरलं. "मी आलो आणि बाजाराचं पाणी गेलं," ते म्हणाले. "त्या हमालांना कुठल्या तोंडाने भेटू? त्यापेक्षा बुडालो असतो तर बरं झालं असतं."

"हे परत बोललात तर बघा," काकू म्हणाली. तिने चपला चढवल्या आणि तडक कचेरी गाठली. मागून काका, काठी टेकत.

मोठे साहेब सज्जन होते, पण नियमाला टरकून असायचे. "बाई, जिवंत माणसाचं स्मारक ठेवता येत नाही हो."

"मग थोडं थांबा की," काकू म्हणाली. "कधी ना कधी जातीलच ते. तोवर पाणी वाहू द्या. तुम्हाला घाई कसली आहे?"

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी गंभीरपणे मान डोलावली, जणू जाण्याची हमीच देत होते. साहेबांनी हसू दाबत शेरा मारला: 'संबंधिताच्या निधनानंतर विचार करावा.' त्या दुपारी काका घरी येऊन असे गाढ झोपले की त्यांच्या घोरण्याने शेजारी वैतागले. आमच्या सगळ्यांच्याच मनावरचं ओझं उतरलं होतं.

खात्यातली फाइल एकदा कपाटात गेली की गेली. साहेब बदलले, कपाट बदललं, पाणी वाहत राहिलं. काका कामावर जाताना तोटी तपासायचे. कुणी अनोळखी माणूस पाटी वाचून "बिचारा" म्हणाला, की काका म्हणायचे, "हो ना, फार चांगला माणूस होता."

काका गेले ते चांगले म्हातारे होऊन, झोपेत. फाइल कुणालाच आठवली नाही. त्यांच्या सोबत्यांपैकी उरलेला म्हातारा गवंडी तेवढा छिन्नी घेऊन घरी आला.

"वहिनी, पाटीवरची तारीख आता दुरुस्त करतो. चुकीची आहे ती."

काकूने त्याला पाणी दिलं.

"राहू द्या, भावजी," ती म्हणाली. "त्या तारखेला माझं सगळं संपलंच होतं. पुढचा अख्खा संसार मला हिशेबाच्या वर मिळाला. बाजारातून येताना ती तारीख वाचली की बरं वाटतं. ती कशाला खोडता?"