बुटांची टोपडी आणि आप्पांचं वाळवंट

आमचे आप्पा भूगोलाचे मास्तर. सगळी नोकरी त्यांनी फळ्यावर आफ्रिका काढण्यात घालवली. हात न उचलता काढायचे. डाव्या किनाऱ्याशी आले की मात्र खडू थांबायचा. ‘‘इथे वाळवंट थेट समुद्रात पाय सोडून बसलंय. पाऊस जवळजवळ नाहीच. तरी तिथे जीव आहेत.’’ हे वाक्य मी शाळेत ऐकलं, जेवताना ऐकलं, आणि माझ्या लग्नात व्याह्यांनीही ऐकलं.

हॉलंडमध्ये आइंडहोवनला बरी नोकरी लागल्यावर मी त्यांना त्याच किनाऱ्याचं, नामिबियाचं तिकीट काढून दिलं. जाणार तिघं: मी, बायको आणि आप्पा. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. आणि मग साथ आली, सगळ्या जगानं दारं लावून घेतली.

पहिलं वर्ष आप्पा म्हणायचे, ‘‘चालायचंच.’’ दुसऱ्या लाटेत त्यांच्या सकाळच्या कट्ट्यावरचे दोघं गेले आणि त्यांनी तेही म्हणणं सोडलं. आप्पा पुण्यात ताईकडे असतात; तिचा फोन आला.

‘‘बोलतच नाहीत रे. टीव्ही बघत बसतात.’’

‘‘मग बघू दे की.’’

‘‘अरे, बंद टीव्ही. आणि काल पासपोर्ट माझ्या हातात दिला. म्हणाले, रद्दीत टाक.’’

विमानं बंद, तिकडे जाणं शक्य नाही. मग माझ्या इंजिनियर डोक्यानं तोडगा काढला: आप्पा वाळवंटाकडे जाऊ शकत नाहीत, तर वाळवंट आप्पांकडे न्यायचं. व्हिडिओ कॉलवर. हॉलंडमधून.

हसू नका. वाळू इथेही भरपूर आहे. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर पाइनच्या जंगलात उघड्या वाळूचा मोठा पट्टा आहे. पहिल्या रविवारी मी तिथेच गेलो, कारण मी आळशी आहे. फोन गोल फिरवला आणि गाइडच्या आवाजात म्हणालो, ‘‘आप्पा, हे बघा, समुद्रकाठचं वाळवंट!’’

आप्पांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. ‘‘समुद्र कुठाय?’’

‘‘मागे आहे.’’

‘‘मागे झाडं आहेत.’’

‘‘त्या झाडांच्या मागे.’’

‘‘त्या झाडांच्या मागे जर्मनी असेल, गाढवा,’’ आप्पा म्हणाले आणि फोन ताईला देऊन टाकला.

मी खजील झालो. ताई मात्र खूश. ‘‘अरे, गाढव म्हणाले! महिन्यात पहिल्यांदा कुणाला तरी काहीतरी म्हणाले!’’

म्हणून पुढच्या रविवारी खऱ्या समुद्रावर जायचं ठरलं. इथे माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो. आमच्या क्लीनरूममध्ये धुळीचा एक कण म्हणजे महापाप. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला मास्क, बुटांवर कव्हर. साथ आली तेव्हा सारं जग मास्क बांधायला शिकलं, आम्हाला त्यात नवं काही नव्हतं. उलट मी एक पाऊल पुढे गेलो: घरी निळ्या शू-कव्हरांचा खोकाच मागवला आणि दुकानात जाताना घालू लागलो. तर वाळूत जायचं म्हटल्यावर मी काय केलं असेल? बुटांवर कव्हरं चढवली. वर रबरबँड. फोनला प्लास्टिकची पिशवी.

बायको गाडीत म्हणाली, ‘‘तू वाळूत जातोयस, आणि धूळ लागू नये म्हणून हे?’’

‘‘बूट नवे आहेत.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. आमच्या घरात ‘बरं’ हा शेवटचा इशारा असतो.

समुद्राकाठी वाळूच्या टेकड्यांची रांगच्या रांग. त्यांवर उंच, राकट, करड्या-हिरव्या गवताचे झुबके. इकडे त्याला हेल्म म्हणतात. काटेरी झुडपं, सशांची बिळं, आणि टेकडीच्या माथ्यावरून समोर करडा समुद्र. फोन बायकोनं धरला, मी वर्णन करू लागलो.

‘‘त्या गवताच्या मुळाशी वाकून दाखव,’’ आप्पा म्हणाले. पहिल्यांदाच स्वतःहून. मी वाकून थोडी वाळू उकरली. ‘‘उपटू नकोस रे! त्याच्यामुळे टेकडी उभी आहे. वाऱ्यानं वाळू अंगावर ओतली की हे गवत मरत नाही, आणखी वर येतं. गाडलं जाणं मानवतं त्याला.’’

बायकोनं माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं. आधी पाणी गेलं, मग टेकड्या, मग बायको. इतका प्रवास करून आप्पांच्या पडद्यावर नुसतं दूध! मी धुक्याला अस्सल मराठीत शिव्या घातल्या.

‘‘अरे गप्प!’’ फोनमधून आप्पा ओरडले. ‘‘हेच तर! तिथेही असंच येतं. पाऊस नाही, पण समुद्रावरून धुकं येतं आणि सगळे त्याच्यावर जगतात. एक काळा भुंगेरा आहे. धुकं आलं की टेकडीच्या धारेवर चढतो, डोकं खाली, ढुंगण वर करून उभा राहतो. पाठीवर थेंब जमतात आणि घरंगळत तोंडात जातात.’’

मी ऐकत होतो, पण अर्ध्या कानानं. कारण माझ्या शू-कव्हरांमध्ये एव्हाना किलो-किलोभर वाळू भरली होती. बाहेरून एक कण आत येऊ नये म्हणून लावलेल्या रबरबँडमुळे आतला एक कण बाहेर जात नव्हता. पायाला पोतं बांधल्यासारखं झालेलं. मी टेकडीच्या धारेवर, वाऱ्याकडे तोंड करून, ते रबरबँड सोडवायला वाकलो. डोकं पार खाली. बाकीचं वर. मफलरवरून धुक्याचं पाणी ओघळून हनुवटीवरून ओठांवर यायला लागलं.

बायकोनं धुक्यातून जवळ येऊन कॅमेरा माझ्याकडे वळवला.

फोनमधून खोकल्यासारखा आवाज आला, आणि साथीच्या दिवसांत खोकला म्हणजे काळजात धस्स! मी तसाच वाकलेला ओरडलो, ‘‘आप्पा? ताई, आप्पांना काय झालं?’’

‘‘हसतायत!’’ ताई रडक्या आवाजात म्हणाली. ‘‘अरे, हसतायत रे!’’

‘‘हलू नकोस!’’ आप्पांना श्वास पुरत नव्हता. ‘‘तसाच राहा! इतकी वर्षं पोरांना शब्दांनी सांगत आलो, आणि नमुना आमच्याच घरात होता!’’

मी तसाच राहिलो. कंबर भरून आली, ते पाणी तोंडात गेलं, खारट लागलं. वाटेनं जाणाऱ्या एका डच आजोबांनी अंतर राखून विचारलं, मदत हवी का. मी खालूनच म्हटलं, नको, ठीक आहे.

संध्याकाळी ताईचा फोन आला. आप्पा पासपोर्ट विचारत होते. तिनं तो रद्दीत टाकलाच नव्हता, डाळीच्या डब्यामागे ठेवला होता. आप्पांनी चष्मा लावून पानं उलटली आणि फोन मागून घेतला.

‘‘अजून बरीच मुदत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘दारं उघडली की जाऊ. पण एक सांगतो. बुटांना ती निळी टोपडी घालून येणार असशील, तर सूनबाईला घेऊन मी पुढे जाईन. तू मागून ये.’’