क्लचबाईंचं घर

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाईंना सगळे क्लचबाई म्हणत. कशाबद्दलही विचारा, त्यांचं उत्तर ठाम असे. बरेचदा ते चुकीचंही असे, पण तसं सांगायची कुणाची छाती नव्हती. नवऱ्याची तर नव्हतीच. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं घडवून घरी आला की स्वतःचं मिटून बसायचा.

भाड्याच्या खोल्यांना कंटाळून दोघांनी गावाबाहेर प्लॉट घेतला. आर्किटेक्टने सुबक नकाशा काढून दिला, पण कागदावरचं घर बाईंना पटेना. रविवारी त्यांनी गाडी शिकवायच्या मैदानात लाल शंकू मांडून अख्खं घर खऱ्या मापाने उभं केलं.

"आता झोपेतून उठून बाथरूमला जा," त्यांनी नवऱ्याला फर्मावलं. तो निघाला तो थेट स्वयंपाकघराच्या भिंतीतून.

बाईंनी बाथरूम हलवलं. मग कपाटांसाठी बेडरूम फुगली, तिच्यामागोमाग हॉल फुगला. संध्याकाळपर्यंत घराने निम्मं मैदान गिळलं. सासूबाईंची खोली मात्र त्यात कुठेच नव्हती. त्या धाकट्या दिरांकडे राहत, आणि तिथेच त्या मजेत आहेत असं बाईंचं ठाम मत होतं.

कंत्राटदाराने खर्चाचा अंदाज दिला तेव्हा नवरा दोनदा पाणी प्यायला. बँकेत कर्जाच्या टेबलावर बाईंचाच जुना विद्यार्थी भेटला. बाईंना वाटलं, काम झालंच. पण कागदावर जेवढी कमाई दिसते तेवढ्यावरच कर्ज, असं त्याने अदबीने सांगितलं. मंजूर झालेल्या रकमेत घर जेमतेम छतापर्यंत पोचत होतं. फरशी, दारं, खिडक्या हवेतच.

नवऱ्याने हे आईच्या कानावर घातलं. बायकोला न विचारता त्याने केलेली ही पहिलीच गोष्ट. सासूबाई काठी टेकत मैदानावर आल्या, शंकू पुन्हा मांडायला लावले आणि सगळ्या घरातून फिरल्या. आपली खोली कुठली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यामुळे बाईंना जास्तच अवघडल्यासारखं झालं.

"कमी पडतंय ते मी देते," सासूबाई म्हणाल्या. "बँकेपेक्षा एक टक्का कमी व्याज. पण हप्ता चुकला, तर मी राहायला येईन."

घर उभं राहिलं. बँकेचा हप्ता एखाद्या वेळी पुढेमागे झाला असेल, सासूबाईंचा कधीच नाही.

पुढे दिरांची मुलं मोठी झाली आणि सासूबाईंचा पलंग तिथल्या हॉलमध्ये आला, टीव्हीसमोर. त्या फोनवर याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. बाई एकदा नवऱ्याला घेऊन सहज तिकडे गेल्या, तर सगळ्यांचा टीव्ही संपायची वाट बघत म्हातारी खुर्चीत पेंगत होती. परतताना बाई गाडीत गप्प होत्या. नवरा घाबरला.

त्या महिन्यात हप्ता गेला नाही. सासूबाईंचा लगेच फोन.

"हो, चुकला," बाई म्हणाल्या. "पुढचाही चुकेलसं दिसतंय. गाडी घेऊन येते, सामान बांधून ठेवा."

बाईंनी आपल्या हॉलमध्ये भिंत घालून खोली काढली. खिडकी कुठे ठेवायची यावरून सासू-सुनेचा दोन दिवस अबोला. नवरा निरोप पोचवून थकला. व्याज सासूबाईंनी अजून सोडलेलं नाही. खिडकी शेवटी त्यांच्याच मनासारखी झाली. सकाळचं ऊन तिथून आत येतं आणि त्यांच्या पलंगावर पसरतं. आल्यागेल्याला बाई ती खिडकी कौतुकाने दाखवतात आणि सांगतात, ही कल्पना मुळात माझी.