स्पंजाची ओटी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. दाराशी चपला साठतात तसे ते साठतात, आणि एक दिवस आपल्याला आत जायला वाट उरत नाही. त्यातून लखनौसारख्या गावात मराठी घरं मोजकी. पुण्यात एखाद्याची फजिती दहा घरांत वाटली जाते, इथे ती दोन घरांतच मुरते. आमच्या दोन घरांत गेलं वर्षभर एकच विषय मुरतोय. तो म्हणजे कॅरिबियन समुद्रावरची सहल.

आधी माणसं सांगते. मी जानकीपुरमला औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत आहे. लिमये सर तिथेच माझे गाइड होते, आता निवृत्त आहेत. दर रविवारी संध्याकाळी मी, माझा नवरा मिलिंद आणि मुलगी ईरा त्यांच्याकडे जातो. मिलिंद बँकेत आहे. ईरा दहावीत आहे, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. आणि उषाताई, म्हणजे सरांची बायको, यांच्यामुळेच हे सगळं सुरू झालं.

दोन वर्षांपूर्वी उषाताईंना ल्युकेमिया झाला. मी भेटायला गेले तेव्हा सर त्यांच्या उशाशी उभे राहून सलाइनला जोडलेल्या औषधाचं लेबल वाचत होते. वाचून झालं तरी हलेनात. कारण ते औषध त्यांच्या ओळखीचं होतं. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सर त्याची गोष्ट सांगायचे, मलाही सांगितली होती. कॅरिबियन समुद्राच्या उथळ पाण्यात वाळूत रुतून बसलेला एक मातकट स्पंज आहे. दिसायला अगदीच सामान्य. त्याच्यात काही वेगळे रेणू सापडले आणि त्यावरून माणसांना हे औषध सुचलं.

त्या दिवशी सरांनी तीच गोष्ट उषाताईंना सांगितली. दुसरं काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं.

सात महिन्यांनी त्या बऱ्या होऊन घरी आल्या आणि पहिल्याच रविवारी चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "मला त्या स्पंजाची ओटी भरायला जायचंय."

आता आमचे सर पक्के नास्तिक. घरात देव्हारा नाही. देवळात जायची वेळ आली तर ते बाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभे राहतात. ते म्हणाले, "उषा, औषध स्पंजातून पिळून काढत नाहीत. ते कारखान्यात तयार होतं. स्पंजावरून फक्त कल्पना सुचली."

उषाताई म्हणाल्या, "तुम्ही पेपरच्या शेवटी आभार मानता ना? त्यात कल्पना सुचवणाऱ्याचं नाव नसतं?"

 पुढच्या रविवारी सर ॲटलास घेऊन बसले.

*

आमच्या धंद्यातली माणसं सहल ठरवत नाहीत, प्रोटोकॉल लिहितात, म्हणजे प्रयोगाचा आराखडा. सरांनी चौदा पानांचा लिहिला. ठिकाण कॅरिबियन बेटावरचं पुंता काना, कारण तिथे रिसॉर्ट आहेत, उथळ पाणी आहे आणि वादळांचा मोसम टाळून फेब्रुवारीत जाता येतं. मुख्य विषय उषाताई. मी आणि मिलिंद कंट्रोल ग्रुप.

"म्हणजे काय?" मिलिंदनं विचारलं.

"म्हणजे ज्यांना जायचं काहीच कारण नाही असे लोक," सर म्हणाले.

'पद्धत' या भागासाठी त्यांनी उषाताईंची रीतसर मुलाखत घेतली. ओटी कशी भरतात, क्रमानं सांग. उषाताई सांगत गेल्या आणि सर लिहीत गेले. एक, डोक्यावर पदर घेणे. दोन, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. तीन, दोन्ही हातांनी भरणे. चार, मनात काहीही न मागणे. खाली तळटीप टाकली, 'वरील कृतीस वैज्ञानिक आधार नाही.'

मग सरांनी हरकत घेतली. "समुद्रात काही सोडायचं नाही. तिथल्या जीवांना त्रास होतो."

"सोडायचं कशाला? देवीसुद्धा अर्धी ओटी परत देते," उषाताई म्हणाल्या. "हा सगळी परत देईल. टेकवायची आणि घेऊन यायची."

धोके या सदरात तीन पानं होती. विमान चुकणं, सामान हरवणं, जंतुसंसर्ग, जेलीफिश. शेवटचं सदर होतं अपेक्षित निष्कर्ष. ते कोरं होतं. मी म्हटलं, सर, हे राहिलं. ते म्हणाले, "राहू दे, स्वाती. ते मला आधी लिहिता येत नाहीये."

*

रिसॉर्टला पहिला मेल सरांनीच केला. त्यात त्यांनी किनाऱ्याजवळच्या पाण्याची खोली, तळ वाळूचा की खडकाचा आणि अमुक जातीचा स्पंज किती अंतरावर सापडेल, असे अकरा प्रश्न विचारले होते. स्पंजाचं लॅटिन नाव तिरक्या अक्षरांत.

उत्तर फार गोड आलं. त्यात अकरापैकी एकाचंही उत्तर नव्हतं. उलट त्यांचाच एक प्रश्न होता. आपण कुठला खास प्रसंग साजरा करायला येताय?

फॉर्ममध्ये खोटं लिहायचं नाही हा सरांचा नेम. त्यांनी लिहिलं, 'माझ्या पत्नीच्या पांढऱ्या पेशी गेले आठ महिने योग्य संख्येत आहेत.'

दोन दिवसांनी रिसॉर्टचं उत्तर आलं. खोलीत केक ठेवण्यात येईल, त्यावर काय लिहायचं ते कळवावं. आणि खाली मारिसोल नावाच्या मुलीनं स्वतःहून एक ओळ घातली होती. माझा भाऊ पर्यटकांना पाण्यात नेतो, त्याला तुमच्या स्पंजाचा फोटो पाठवा, तो शोधून ठेवील.

सरांनी तो मेल छापून फाइलला लावला. केकवर काय लिहायचं यावर अजून चर्चा चालू आहे.

*

ईराला या सगळ्याची फार गंमत वाटायची. तिनं एका रविवारी उषाताईंना मोबाइलवर तिथले व्हिडिओ दाखवले. पांढरी वाळू, नारळाची झाडं, खुर्च्यांवर पहुडलेली गोरी माणसं.

उषाताईंनी बराच वेळ पाहिलं. "ही माणसं करतात काय दिवसभर?"

"कुछ नहीं करते, आजी. यही तो पॉइंट है. बस लेटे रहते हैं."

"पडून राहायला इतक्या लांब?" उषाताई म्हणाल्या. "मी सात महिने पडूनच होते. मी तिथे उभी राहणार आहे."

ईरानं मोबाइल बाजूला ठेवला. त्या दिवसापासून ती ही सहल गंभीरपणे घ्यायला लागली. घरी येताना वाटेत तिनं मला विचारलं, "मम्मा, आजी का वो वापस तो नहीं आएगा ना?" खरं सांगायचं तर आम्ही सगळेच त्या भीतीत जगत होतो. दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. रिपोर्ट यायच्या आदल्या रविवारी पुंता कानाचं नाव कुणी काढायचं नाही, आणि रिपोर्ट चांगला आला की सर प्रोटोकॉलची नवी आवृत्ती काढायचे. मी तिला म्हटलं, माहीत नाही बाळा.

*

खण आणायला मी आणि उषाताई निशातगंजला गेलो. ओळखीचं दुकान, दुकानदार वयस्कर आणि बोलण्यात अदब. त्यानं ब्लाउज पीसचा ढीग मांडला. उषाताई एकेक रंग बाजूला सारत होत्या.

"किस रंग की साड़ी पर जाएगा, बहनजी?"

"साड़ी नहीं है," उषाताई म्हणाल्या. "वो ख़ुद मटमैले रंग का है."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"और नाप?"

"नाप पता नहीं. कभी मिले नहीं हैं. पर मेरी जान उसी ने बचाई है."

 दुकानदारानं सगळा ढीग उचलून मागे ठेवला आणि आतल्या कपाटातून गर्द हिरव्या रेशमाचा एक तुकडा काढून समोर पसरला. "तो फिर सूती मत ले जाइए," तो म्हणाला.

*

सप्टेंबरचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. सर, उषाताई, मिलिंद आणि मी, चौघंही दवाखान्यात होतो. सरांनी प्रोटोकॉल पुढे केला, डॉक्टरांनी तो कौतुकानं चाळला आणि एका पानावर थांबले.

"माताजी, जाइए, ज़रूर जाइए. बस पानी में मत उतरिएगा. इन्फेक्शन का ख़तरा अभी है. किनारे से देख लीजिएगा."

 परतताना गाडीनं निशातगंजचा पूल ओलांडला तेव्हा उषाताई म्हणाल्या, "लांबून नमस्कार करायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

मी म्हटलं, "ताई, मी उतरते ना. मी भरते ओटी." वास्तविक मला पाण्याची भीती वाटते, पण त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं.

त्यांनी माझा हात थोपटला. "तू भरलीस तर ती तुझी ओटी होईल गं. माझं माणूस तू आहेसच. पण हे माझ्या घरातून जायला हवं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि आमच्या घरात दुसरी बाई नाही."

सर पुढच्या सीटवर होते. ते समोर बघत राहिले. मला त्यांचा त्या दिवशी राग आला. एवढी चौदा पानं लिहिणाऱ्या माणसाला बायकोसाठी एक वाक्य सुचू नये?

*

त्यानंतर सहलीचा विषयच निघेना.  सरांनी रोज सकाळी लांब फिरायला जायला सुरुवात केली. साडेसहाला गाडी घेऊन निघायचे ते नऊला परत. गाडी घेऊन कुणी फिरायला जातं का, असं मी उषाताईंना विचारलं.

"जाऊ देत," त्या म्हणाल्या. "घरात कोंडल्यासारखं होत असेल."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी सातलाच उषाताईंचा फोन आला. "स्वाती, गाडी काढा. वृंदावन योजनेत जायचंय."

मी म्हटलं, तिथे काय? शहराचं ते पार दुसरं टोक.

"तिथे पोहण्याचा तलाव आहे, पावती यांच्या खिशात सापडली. एका केमिस्टशी चाळीस वर्षं संसार केलाय, क्लोरीनचा वास मला कळतो. आणि फडताळातला नारळ रोज सकाळी गायब होतो, नऊला ओला परत येतो."

उषाताईंना घेऊन आम्ही तिघं गेलो. तलावावर सगळी सात-आठ वर्षांची मुलं आणि काठावर त्यांच्या आया. मध्ये छातीभर पाण्यात आमचे सर, अडुसष्ट वर्षांचे, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर निळी रबरी टोपी. पोटाशी धरलेला नारळ. त्यांची पाठ आमच्याकडे होती. ज्या माणसाला मी गोमतीच्या घाटावर तिसऱ्या पायरीच्या खाली उतरताना कधी पाहिलं नव्हतं, तो माणूस.

उषाताईंना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मी कोचला विचारलं. तो बिचारा वैतागला होता.

"मैडम, महीना हो गया. कहते हैं, तैरना नहीं सीखना है. बस नीचे जाकर बैठना सिखा दो, दोनों हाथ ख़ाली रहने चाहिए. अब नारियल लेकर कोई नीचे बैठ सकता है? वो तो ऊपर खींचता है."

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. धोक्यांची तीन पानं, दोन पीएचडी, आणि नारळ तरंगतो हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात सरांनी श्वास भरला आणि नारळ दोन्ही हातांनी छातीशी आवळून ते खाली गेले. उषाताई मोठ्यानं आकडे मोजायला लागल्या. चार, पाच, सहा. ईरा त्यांच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. नऊ, दहा. अकराला नारळ उसळून वर आला. त्याच्यामागून सर आले, खोकत, नाकातोंडात पाणी गेलेलं. गॉगल वर सारला तेव्हा त्यांना समोर उषाताई दिसल्या.

ते लाजले नाहीत की दचकलेही नाहीत. लांब गेलेला नारळ त्यांनी हात मारत मारत परत ओढून आणला, काठाशी आले, आणि निळी टोपी दोन्ही हातांनी कानांवर नीट खाली ओढून घेतली.

"उषा," ते म्हणाले, "ओटी भरताना डोक्यावर पदर लागतो ना? ही चालेल का?"