कुलूपबंद नळाचं पाणी

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, अमावस्येला मुद्दाम गावाला गेलो. अमानवीय अनुभवांच्या या ग्रुपवर मला सुनेने ॲड केलं तेव्हा इथलं वाचून मी मोठ्याने हसायचो... तेव्हा मला कोणी हसलं तर माझी हरकत नाही. पण शेवटपर्यंत वाचा. मला एका माणसाचं नाव साफ करायचं आहे.

नाशिकरोडला जेलरोडच्या एका गल्लीत आमची जुनी बिल्डिंग आहे. तळमजल्यावर दोन घरं — एक आमचं, शेजारचं भालेरावांचं. वरच्या मजल्यावर पवार आणि आणखी एक कुटुंब. मागच्या बाजूला फरशीचं सामाईक अंगण, तिथे महापालिकेचा नळ आणि नळाशेजारी आमचे दोघांचे निळे ड्रम. पाणी येतं पहाटे, उजाडल्यावर थोड्या वेळात जातं. आणि खालचा नळ चालू असला की वर पाणी चढत नाही. सगळं रामायण यावरूनच घडलं.

भालेराव बँकेतून अधिकारी म्हणून रिटायर झालेले. उंच, हसरे, सकाळी सकाळी मफलर गुंडाळून अंगणात. माझी बायको विमल गुडघ्यांनी अधू झाली आणि मला पाठीचं दुखणं लागलं, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "सर, मी उठतोच. माझा ड्रम भरला की पाइप तुमच्यात टाकतो. त्याला काय लागतं?"

तेव्हापासून आमचं पाणी ते भरायला लागले. कित्येक वर्षं भरलं. थंडीत, तापात, मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. वर झाकण घट्ट लावायचे, मांजर तोंड घालतं म्हणून. कधी मी चहा घेऊन मागच्या दारात गेलो तर म्हणायचे, "सर, तुमचा ड्रम भारी पिणारा आहे हो! माझा बिचारा लवकर आऊट होतो." मी हसायचो. आभार मात्र एकदाही मानले नाहीत. शेजारधर्म आहे, असं मनाशी म्हणायचो.

आता पुढचं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. भालेराव बौद्ध होते, आणि त्यांनी भरलेल्या पाण्याने मी अंघोळ करायचो, कपडे धुवायचो, पण ते प्यायचो नाही. प्यायला मी वीस लिटरचा जार मागवायचो. घरी येणाऱ्या माझ्या बहिणीला तेवढंच समाधान. विमल ड्रममधलंच प्यायची आणि माझ्याशी भांडायची. "अहो, त्या माणसाचे हात बघितलेत का थंडीत? लाल होतात! आणि तुम्ही जार कसले मागवता?"

एकदा भालेरावांनीच विचारलं, "सर, जार का लावला? पाणी गढूळ येतंय का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणालो. "हिला स्टोनचा त्रास आहे ना."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाइपच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधायला सुरुवात केली. वहिनींना स्टोन आहे म्हणून. ते फडकं रोज धुऊन वाळत घालायचे. ते मला दिसायचं, आणि तरी जार येत राहिला.

मग एका उन्हाळ्यात पाणीकपात झाली. वर पाणी चढेना. बिल्डिंगची मीटिंग भरली, जिन्याखाली खुर्च्या टाकून. सेक्रेटरी मीच. पवार तापलेले होते.

"भालेराव साहेब, एका ड्रमला एवढा वेळ लागतो का हो? आमच्या मिसेस रोज तोटीकडे बघत उभ्या असतात. नळावर तुम्ही काय, पोहायला शिकता का?"

सगळे हसले. भालेराव नाही हसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, की पवार, एक ड्रम नाही, दोन भरतात ते, दुसरा माझा आहे. पण त्या खुर्च्यांमध्ये माझी बहीण पण बसली होती, त्या दिवशी आलेली. आमच्या घरात कोणाच्या हातचं पाणी येतं ते तिच्यासमोर... मी टेबलावरच्या पेनाचं टोपण काढलं, घातलं. आणि म्हणालो, "बरोबर आहे. यावर काहीतरी करायला पाहिजे."

भालेरावांनी मान खाली घातली. ते सांगू शकले असते. नाही सांगितलं. मला वाटतं ते मला संधी देत होते, आणि मग त्यांना माझीच लाज वाटली.

ठराव झाला. नळावर जाळीची लोखंडी पेटी बसवायची, कुलूप लावायचं, किल्ली सेक्रेटरीकडे. पवारांची पोरं त्यानंतर जिन्यात त्यांना बघून "पाणीचोर" म्हणून पळायची. पहिल्याच पहाटे मी पेटी उघडली, त्यांनी आपला ड्रम भरला, आणि सवयीने विचारलं, "सर, वळवू पाइप तुमच्यात?"

"नको," मी म्हणालो. "उगाच लोक बोलतात." त्या दिवसापासून पाठ धरत आमचा ड्रम मीच भरायला लागलो.

थंडी सुरू झाली आणि भालेराव हार्ट ॲटॅकने गेले. अंत्ययात्रेहून परतताना पवार म्हणाले, "माणूस सज्जन होता, पाण्याचं तेवढं सोडलं तर." मी मान हलवली. भालेरावांच्या पत्नी, सुमनताई, उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांच्या घरी जलदान विधी झाला, त्याचंही बोलावणं आलं. विमल काठी टेकत गेली. मी पाठ दुखते म्हणून पडून राहिलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी किल्ली घेऊन मागे गेलो. पेटीला कुलूप तसंच होतं. आमचा ड्रम काठोकाठ भरलेला.

आदल्या संध्याकाळी त्यात तळाशी पाणी होतं, हे मला नक्की माहीत होतं. विमलला विचारलं. ती म्हणाली, "मला इथून मोरीपर्यंत जाता येत नाही, मी कसली भरतेय?" मला वाटलं सुमनताईंकडे दुसरी किल्ली असेल. गुपचूप कुलूप बदललं, नवी किल्ली बनियनच्या आत दोऱ्याला बांधली. ड्रम पुन्हा भरलेला. मग मी विज्ञानाच्या मास्तरासारखं वागलो. संध्याकाळी ड्रम रिकामा केला, पुसून कोरडा केला, उपडा घातला. पहाटे सरळ उभा, झाकण घट्ट, भरलेला!

शेवटी एका पहाटे लवकर उठून मागच्या दारात खुर्ची टाकून बसलो. स्वेटर, कानटोपी, हातात बॅटरी. ड्रम समोर, झाकण काढलेलं, आत नुसता निळा तळ. पाणी यायला अजून अवकाश होता. नजर हलवली नाही. एवढ्यात आतून विमलने हाक मारली, "अहो, शाल घ्या ना!" मी मान वळवून "हां" म्हणालो. परत बघितलं... ड्रम भरलेला होता. आवाज नाही, शिंतोडा नाही, फरशी कोरडी. पाण्याचा पृष्ठभाग मात्र हलत होता, नुकताच कोणी पाइप काढून घेतल्यासारखा.

भीती वाटली का? वाटली. पण मला सांगायचंय ते वेगळंच. मी तांब्या बुडवला आणि ते पाणी प्यालो. पहिल्यांदा. पाणी पाण्यासारखंच होतं.

पुढच्या शनिवारी महापालिकेचा शटडाउन होता, सगळ्या भागाचा. नळाला टिपूस नाही. बिल्डिंगमधले सगळे ड्रम, बादल्या जवळपास कोरड्या. आणि आमचा ड्रम भरलेला. पवार टँकरचं विचारायला अंगणात आले आणि त्यांनी तो बघितला. झाकण उचलूनच बघितलं.

"वा सर! किल्ली तुमच्याकडे आणि पाणीपण तुमच्याकडेच! आम्ही इकडे अंघोळी बंद ठेवतोय, आणि सेक्रेटरींची गंगा वाहतेय." त्यांनी वर हाक मारली. वरून बाया गॅलरीत आल्या. "काय हो सर, आम्ही झोपलेलो असताना कुलूप उघडता का? सांगा ना!"

काय सांगणार? आपोआप भरतं म्हणून? जे लोक माझ्याकडून विज्ञान शिकले, त्यांच्याच आयांसमोर?

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. सुमनताई बाहेर आल्या. "ते पाणी मी दिलंय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं साठवलेलं होतं. एकट्या बाईला कितीसं लागतंय? विमलताईंची अडचण असती म्हणून भरलं. सरांना काय बोलू नका."

खोटं होतं ते. त्यांच्या ड्रममध्ये तळाला बोटभर पाणी होतं, मला दिसत होतं. पवार वरमले, पण गप्प बसतील ते पवार कसले. "तुमचं बरं आहे वहिनी. साहेबांनी आमचं पाणी तोडायचं आणि तुम्ही दान करायचं."

मागच्या खिडकीतून विमल ओरडली, "अहो, बोला! आता तरी बोला!"

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. वरून सगळ्या बघत होत्या. मी म्हणालो, "जाऊ द्या पवार. झालं ना आता. विषय संपला."

सुमनताई माझ्याकडे न बघता आत गेल्या. दार लावलं, हळूच, आवाज न करता. दुसऱ्या दिवशी पहाटे ड्रम रिकामा होता. त्यानंतर तो कधीच आपोआप भरला नाही. विमल माझ्याशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली.

काही महिन्यांनी सुमनताईंनी घर विकलं. मुलगी निफाडला शिक्षिका आहे, तिच्याकडे निघाल्या. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी गेलो. म्हणालो, "वहिनी, साहेबांचे फार उपकार आहेत आमच्यावर. मी कधी बोललो नाही."

"मला कशाला सांगता सर?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आमच्या घरात ते माहीतच होतं. वर जाऊन सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

"ते पण असंच म्हणायचे. सर सांगतील. मीटिंगवरून आले त्या रात्री पण म्हणाले, आज बहीण आलेली होती त्यांची, अडचण झाली असेल. नंतर सांगतील." त्यांनी पदर खोचला आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "तो ड्रम राहू दे भाऊ. तिकडं चोवीस तास पाणी हाय."

मी वर गेलो नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. जिना चढवत नाही, असं मी विमलला सांगत आलो. यंदा विमल गेली. मरेपर्यंत ती ड्रममधलंच पाणी प्यायली, मी भरलेलं.

पवार या ग्रुपवर आहेत, मला माहीत आहे. वरची इतरही मंडळी आहेत. तेव्हा पवार, नीट वाचा. भालेराव पाणी चोरत नव्हते. ते आमचं पाणी भरत होते, रोज, कोणी न सांगता, आणि तुमच्या तोटीचं पाणी माझ्या ड्रममध्ये जात होतं. मीटिंगमध्ये मला हे माहीत होतं. शटडाउनच्या दिवशी सुमनताई तुमच्यासमोर माझ्यासाठी खोटं बोलल्या. काय बोलायचं ते या आणि मला बोला, दार उघडं आहे.

सुमनताई हे वाचणार नाहीत. त्यांच्याकडे साधा फोन आहे.

आणि बाकीचे मला कॉमेंटमध्ये विचारतील, की बंद कुलपात, शटडाउनच्या दिवशी, ड्रम कोणी भरला? पाइपमध्ये हवा होती का, लिकेज होतं का, मला झोपेत चालायची सवय आहे का... मी सगळं तपासलं आहे, प्लंबरसुद्धा आणला होता. ड्रम कसा भरला याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मिळेल असंही वाटत नाही. मी दर वेळी गप्प का बसलो, त्याचं उत्तर मात्र आहे. त्यात अमानवीय असं काहीच नाही.